न चाखलेली कोशिंबीर

वच्छामावशीची नक्कल मला फार चांगली यायची. पदर कमरेला खोचायचा, मान जराशी तिरपी करायची, काकडी कानाशी धरायची आणि डोळे मिटून म्हणायचं, "हे नाही बोलत. ठेव बाजूले." एवढं केलं की समोरचा हसलाच. नक्कल मला अजूनही येते, अंगात मुरलेली गोष्ट जाते कुठे? पण तीन वर्षं झाली, मी ती एकदाही केलेली नाही. ही काही मोठी तपश्चर्या आहे असंही मी समजत नाही. करू नये तिथे एकदा करून बसले, आता न करण्यात काय मोठेपणा?

पिंपळगाव राजाला बाजाराच्या वाटेवर आमचं औषधांचं दुकान आहे. फार्मसीची पदवी माझी, त्यामुळे काउंटरवर मी. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस घरातली एखादी भानगड ठेवून जातो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती तिखटमीठ लावून सांगायची खोड मला पहिल्यापासून. माहेरी खामगावला वडील म्हणायचे, ही पोरगी पोटात काही ठेवत नाही, हिला अपचन कधी व्हायचं नाही. तेव्हा मला ते कौतुक वाटायचं.

वच्छामावशी आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. उंच, शिडशिडीत, नाकात चमकी, आणि मनगटावर नवऱ्याचं जुनं पुरुषी घड्याळ. नवरा एस.टी.त मेकॅनिक होता, रिटायर झाल्यापासून ओट्यावर बसून रेडिओ ऐकायचा. मावशी वर्षभर लोकांकडे पापड-कुरडया, बारशाचे स्वयंपाक असलं काही करायची, पण तिचा खरा दिवस म्हणजे भादव्यातल्या महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाचा. त्या दिवशी तिला चार घरची बोलावणी असत. भल्या पहाटे न्हाऊन, सोवळ्याचं नेसून, स्वतःची विळी उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून ती निघायची. एका घरी पुरणाला चटका देऊन, दुसऱ्या घरी आंबिलीची घडी बसवून, तिसऱ्या घरच्या सुनांना दोन शब्द सुनावून ती आमच्याकडे यायची, घड्याळ काढून खुंटीला लावायची आणि म्हणायची, "हं, काय काय बिघडवून ठेवलं, दाखवा."

मला ती डॉक्टरीनबाई म्हणायची. मी डॉक्टर नाही, औषधं विकते, हे तिला शंभरदा सांगून झालं होतं. ती म्हणायची, गोळी कोण लिहिते याच्याशी मले काय करायचं, हातावर कोण ठेवते ते पाह्यतो आपण. मिक्सर तिला खपत नसे. दाण्याचा कूट मिक्सरमधून काढलेला दिसला की ती तो नुसता बोटाने ढकलून द्यायची आणि खलबत्ता मागायची. खुर्चीवर बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. ज्या घरी रांधलं त्या घरी ती जेवतही नसे. तिचं ताट झाकून तिच्या घरी पोचवायचं, ही रीत माझ्या लग्नाच्या आधीपासूनची.

तिची काकडीची कोशिंबीर म्हणजे तसं पाहिलं तर काहीच नव्हतं. कोवळी काकडी सोलायची, हातात उभी धरून सुरीने भराभर चोचवायची आणि ते बारीक तुकडे ताटात पडू द्यायचे. किसलेली काकडी तिला चालत नसे, किसली का ते मेली, असं तिचं मत. वर भरड कूट, मिरचीचे तुकडे, लिंबू, चिमूटभर साखर, हिंग-जिऱ्याची फोडणी, कोथिंबीर. मीठ मात्र पानं मांडल्यावर. आधी मीठ लावलं का काकडी रडाले लागते, अन् रडकं मानूस पंगतीत नको, असं ती म्हणायची. मी पहिल्या वर्षी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मावशीने वहीत डोकावून विचारलं, "यात काकडी कशी निवडाची ते लिवलं का?" मी म्हटलं, तेही सांगा ना. ती हसली आणि विळीकडे वळली.

कारण खरी गोम तिथेच होती. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचा नसतो. मीठ अंदाजाने, तिखट अंदाजाने, जिभेवर कणही ठेवायचा नाही. बाकी सगळं अंदाजाने जमतं, पण काकडी वरून पाहून ओळखू येत नाही. पावसाने आठ-पंधरा दिवस ओढ दिली की दिसायला लुसलुशीत काकडी आतून कडूजहर निघते, आणि एक कडू काकडी परातभर कोशिंबिरीचा निकाल लावते. देवीच्या पानात कडू पडलं की मग वर्षभर घरात जे काही वाईट होईल ते त्या काकडीच्या नावावर. गावात एका मोठ्या घरी असं झालं होतं म्हणतात, आणि त्याच वर्षी त्यांचे म्हातारे गेले. म्हातारे नव्वदीचे होते, हे मग कोणी सांगत नाही.

वच्छामावशीच्या हातून मात्र कधीही, कुठल्याही घरी कडू काकडी गेली नव्हती. ती एकेक काकडी कानाशी धरायची, अंगठ्याने दाबायची, कधी कपाळाला लावायची, आणि मग सांगायची, ही घे, ही ठेव. बाया हात जोडायच्या. तिच्या कानात देवी बोलते असं आमच्या सासूबाई शपथेवर सांगायच्या. बाजारात रहीमचाचांच्या भाजीच्या दुकानाशी ती उभी राहिली की गर्दी जमायची. चाचांच्या मळ्यातली काकडी गावात नावाजलेली, आणि मावशी त्यातल्याच एकेक कानाशी धरून परत टाकायची. चाचा कावून म्हणायचे, "मावशी, काकडी हाय ते, टेलिफोन नाही." पण दुसऱ्या दिवशी त्याच ढिगातल्या तिने निवडलेल्या काकड्या ते तिच्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे.

एकदा मी तिला विचारलं, की देठाकडचं टोक कापून ते काकडीवर घासलं की फेस येतो आणि कडूपणा निघून जातो म्हणतात, तसं का नाही करत? मावशी म्हणाली, "घासल्यानं कडूपना गेला असता, तं मी माह्या नवऱ्यालेच घासला असता." ओट्यावर तिचा नवरा रेडिओ ऐकत होता, तोही हसला.

लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी मला तिचं गुपित कळलं. जेवणाचाच दिवस होता. मावशी काकड्या धुवायला म्हणून मागच्या मोरीवर गेली होती आणि मी पाण्याची बादली आणायला मागे गेले. ती पाठमोरी बसली होती. तिने एका काकडीचं देठाकडचं टोक कापलं, ती चकती तोंडात टाकली, चावली, आणि मोरीत थुंकली. चूळ भरली, हात धुतले. मग दुसरी काकडी. दुसरीच्या चकतीला तिचं तोंड वाकडं झालं आणि ती काकडी तिने वेगळी ठेवली. तिसरी घेताना तिला मी दिसले.

मला आधी हसू येत होतं, पण तिचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. एवढी तोंडाळ बाई, तिने काकडी पदराखाली घेतली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "देवीले कडू खाऊ घालू का? तू सांग. माय लेकराले दूध पाजाच्या आधी जिभीवर थेंब घेऊन पाह्यते, मंग ते उष्टं होते का?"

मी काय सांगणार? मी तर फार्मसी शिकलेली. कडू काकडी, कडू दुधी यांत नुसता चवीचा प्रश्न नसतो, पोटात गेलं तर माणूस ओकून हैराण होतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं आणि तिला जिभेवरून. मी तिला म्हटलं, मावशी, तुम्ही करता तेच बरोबर आहे. तिने माझा हात धरला, ओला, काकडीच्या वासाचा, आणि म्हणाली, "तुह्या पोटात राहू दे माय. चार घरच्या चुलीपुढं उभी राह्यतो मी, हे कळलं तं उंबऱ्यात बी घेनार नाहीत." मी तिला शब्द दिला. पोटात काही न ठेवणाऱ्या माणसाने दिलेला शब्द तो.

पण मी तो सहा वर्षं पाळला, हेही खरं आहे. नुसता पाळला नाही, मी तिची पहारेकरीण झाले. जेवणाच्या दिवशी मावशी काकड्यांची टोपली घेऊन मोरीकडे निघाली की मी मागच्या दारात उभी राहायची. सासूबाई तिकडे यायला निघाल्या की मी मोठ्याने विचारायची, मावशी, पाणी आणू का? आतून आवाज यायचा, "नको बापा, झालं." मग ती बाहेर येऊन सगळ्यांदेखत काकडी कानाशी धरायची आणि माझ्याकडे न पाहता म्हणायची, "हे बोलते." मला हसू आवरायचं नाही. त्या घरात मी सून म्हणून आले, पण त्या दोन-तीन मिनिटांत मला तिथे खरी मैत्रीण असायची.

मग पुण्याचं लग्न आलं. यांच्या आत्येभावाचं. हॉटेलच्या खोलीत आम्ही आठ-दहा बायका मेंदी लावून बसलो होतो. त्यातली एक नात्यातली जाऊ, पुण्यातच वाढलेली, माझ्या प्रत्येक वाक्याला हसत होती. मी "जाऊन राह्यले" म्हटलं की ती ते परत म्हणून दाखवायची. प्रेमानेच करत असेल, पण मला ते लागलं. आपण गावंढळ नाही, आपल्यालाही चार लोकांना हसवता येतं, हे मला तिला दाखवायचं होतं. दुसरं कारण नाही. मी पुष्कळ शोधलं, दुसरं कारण सापडत नाही.

मी मावशीची नक्कल केली. पदर खोचला, मान तिरपी केली, टीपॉयवरचा मोबाइल उचलून कानाशी धरला. बायका लोळायला लागल्या. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण खोलीभर हसू उसळलं की मला पुढची पायरी दिसते, आणि ती पायरी म्हणजे मोरी. मी मोरीत बसले, चकती चावली, थुंकले, चूळ भरली, बाहेर येऊन "हे बोलते" म्हटलं. पुण्याची जाऊ डोळे पुसत म्हणाली, तू फारच भारी आहेस ग. नाव मी घेतलं नव्हतं. आमच्या गावची एक बाई, एवढंच म्हटलं होतं. पण कानाशी काकडी धरणारी बाई आमच्या गावात दुसरी कोण होती?

ही गोष्ट पुण्याहून फोनवरून, एकीच्या बहिणीकडून दुसरीच्या नणंदेकडे करत भादव्याच्या तोंडावर गावात पोचली. तोवर तिच्यावर आणखी चार पुटं चढली होती. मावशी काकड्या उष्ट्या करून देवीला वाढते, इथवर गोष्ट गेली होती. कोणी सांगितलं ते मात्र कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पुण्याला कोणीतरी सांगत होतं, एवढंच. चारही घरांनी मावशीला फार गोड शब्दांत कळवलं, की यंदा घरच्या घरीच करायचं ठरवलंय, तुमचंही वय झालं, आराम करा. भांडण कोणीच केलं नाही. भांडण झालं असतं तर तिला निदान उत्तर देता आलं असतं.

सासूबाई रडल्या होत्या. वीस वर्षं त्यांनी तिच्यावर विसंबून निवद दाखवला होता. त्यांनी मला विचारलं, "तू तं तिच्या मागंमागं राहायची. तुले माहीत होतं का?" मी म्हटलं, नाही. काउंटरवर माणसं उभी होती, दुपारची वेळ होती, मी गोळ्यांची पाकिटं लावत होते. नाही म्हणायला एक क्षणही लागला नाही. मी तेव्हा सांगायला हवं होतं की ती चाखते तेच बरोबर आहे, न चाखता वाढणं हीच चूक आहे, मी शिकलेली आहे, माझं ऐका. सासूबाईंनी माझं ऐकलंही असतं, औषधाच्या बाबतीत त्या माझा शब्द खाली पडू देत नाहीत. पण तसं सांगायचं तर मला माहीत होतं हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग पुण्याला कोण बोललं हेही आपोआप कळलं असतं.

त्याच आठवड्यात मावशी बी.पी.च्या गोळ्या न्यायला दुकानात आली. पुण्याआधी जगात ही गोष्ट आम्हा दोघींनाच माहीत होती. त्यातली एक ती स्वतः, आणि ती कोणाला सांगणार नव्हती. म्हणजे हिशेब तिला फार अवघड नव्हता. मी मान खाली घालून गोळ्या मोजून दिल्या. मला वाटलं ती आता बोलेल, आणि मला तेच हवंही होतं. ती म्हणाली, "या गोळ्या सकाळच्याच ना? तुमी एकदा सांगतलं होतं, मी इसरली." इतक्या वर्षांत तिने मला कधी तुमी म्हटलं नव्हतं. डॉक्टरीनबाईही म्हणाली नाही. मी सकाळच्याच म्हणून सांगितलं आणि ती गेली.

जेवणाचा दिवस उजाडला. सासूबाईंनी पुरण घेतलं, चुलत सासूबाईंनी सोळा भाज्या, आणि कोशिंबीर माझ्याकडे आली, कारण मावशीच्या हाताखाली मीच शिकले होते. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. रहीमचाचांनी काकड्या देताना सांगितलं होतं, की यंदा भरवसा नाही, मावशीले दाखवून घेजा. काकड्यांची टोपली घेऊन मी मोरीवर गेले. सुरी हातात होती, मागच्या दारात कोणी नव्हतं, मला कोणी पाहणार नव्हतं. एक चकती तोंडात टाकायची, एवढंच काम. पण ज्या गोष्टीपायी आपण एका बाईला घराबाहेर काढलं, तीच गोष्ट तिच्याच मोरीवर बसून कशी करायची? खरं सांगायचं तर मला भीती वाटली. कोणी पाहिलं तर आपलंही तेच होईल. मी टोकं कापली, घासली, फेस पुसला आणि काकड्या चोचवायला घेतल्या.

दुपारी नैवेद्य झाला. घरची माणसं आणि सवाष्ण आधी जेवायला बसली, बाकी चाळीस-पन्नास माणसं संध्याकाळच्या पंगतीला होती. पहिला घास घेतला आणि मला कळलं. सगळ्यांनाच कळलं. सासूबाईंनी पानावरून मान वर न करता सांगितलं, देवीचा प्रसाद आहे, कोणी टाकायचा नाही. सगळ्यांनी तो कडू घास मुकाट्याने गिळला. माझ्या आठ वर्षांच्या लेकीने, ओवीने तर शहाणपणा म्हणून दोनदा मागून घेतला. मी तिला थांबवलं नाही. थांबवलं असतं तर प्रसादाला नावं ठेवल्यासारखं झालं असतं.

मावशीचं ताट मात्र सासूबाईंनी वाढून झाकून ठेवलं होतं. बोलावणं नव्हतं, पण तिचा मान राहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते घेऊन मी निघाले. पुढे जे घडलं ती माझी आणि मावशीची शेवटची भेट. त्यानंतर दिवाळीआधी ती आणि तिचा नवरा अकोल्याला लेकीकडे राहायला गेले. लेकीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. अकोला काही दूर नाही.

मी गेले तेव्हा मावशी घरात चुलीपुढे बसली होती. तिने ताट घेतलं, हात जोडले, आणि सवयीने आधी कोशिंबिरीला बोट लावून जिभेला लावलं. तिचा चेहरा बदलला.

"लेकरानं खाल्ली का हे?"

मी म्हटलं, ओवीने खाल्ली, दोनदा.

"अन् तू चाखली नाही?"

"चाखायची नसते ना, मावशी," मी म्हणाले. तोंडातून हे वाक्य गेलं आणि मला वाटलं आपली जीभ झडावी. मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग चुलीतलं लाकूड मागे ओढलं, अनवाणीच उठली आणि माझ्या पुढे चालायला लागली.

आम्ही पोचलो तेव्हा ओवी अंगणात ओकून पांढरी पडून बसली होती आणि सासूबाई तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळत होत्या. देवीचा कोप झाला, असं त्यांनी मला सांगितलं. मावशी उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवरच थांबली. ओवीला तिने जवळ घेतलं, जीभ दाखवायला लावली, पोट दाबून पाहिलं. "कोप नाही अन् काही नाही बाई. काकडी कडू हाय. ओकली ते चांगलं झालं, आता मीठ-साखरेचं पानी घोटघोट पाजा." दुकानातली ओ.आर.एस.ची पुडी आणून ते पाणी मी कालवलं. तासाभरात पोरीच्या गालावर रंग आला आणि तिने भूक लागली म्हणून सांगितलं. सासूबाई आत जाऊन देवीपुढे डोकं टेकवून आल्या.

मावशी तोवर पायरीवरच होती. ती म्हणाली, संध्याकाळच्या पंगतीच्या काकड्या आना इकडं. मी टोपली आणि सुरी आणून दिली. सासूबाई दारात उभ्या होत्या, शेजारच्या दोघी-तिघी जमल्या होत्या. मावशी कोणाकडे न पाहता म्हणाली, "निवद झाला. आता चाखाले काही आडकाठी नाही." आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तिने पहिल्या काकडीचं टोक कापलं, चकती चावली आणि बाजूला थुंकली. हे गोड. दुसरी. हे गोड. तिसरीला तिचं तोंड तसंच वाकडं झालं जसं मी सहा वर्षं मोरीवर पाहत आले होते. कानाशी तिने एकही काकडी धरली नाही. सगळी टोपली तिने अशीच संपवली. कडू निघालेल्या चार तिने वेगळ्या काढल्या आणि गाईलेही घालू नका म्हणून सांगितलं.

ती चूळ भरायला उठली तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, "वच्छे, चुकलं आमचं. पन हे बाहीर सांगतलं तरी कोनं? एवढं पाह्यलं तरी कोनं तुले?" मी टोपलीला हात घातला होता, तो तसाच राहिला. मावशी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मला वाटलं आता ती माझ्याकडे पाहील, आणि एकदा पाहिलं असतं तर मी सांगून टाकलं असतं.

तिने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. "सांगतलं असन कोनी बी," ती म्हणाली. "खोटं थोडंच सांगतलं."

सासूबाईंनी तिला आत ये, जेवून जा म्हटलं. तिने चुलीवर भात अर्धा शिजलाय म्हणून सांगितलं आणि ती गल्लीने निघून गेली. सासूबाई दारातच उभ्या होत्या, कोण असेल ग, म्हणून मलाच पुन्हा विचारत होत्या. मी टोपली उचलून आत गेले आणि संध्याकाळच्या काकड्या सोलायला बसले.